शेवटची बस कितीची?

"ताई, ऑर्लँडो आणि गाडीशिवाय? तिथे दूध आणायलासुद्धा गाडी लागते." न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाने फोनवर हे सुनावलं तेव्हा आमची विमानाची तिकिटं काढून झाली होती. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आमच्या घरात चारचाकी कोणालाच येत नाही. नवऱ्याची धाव स्कूटरपर्यंत. मी बावीस वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी लोकलने करतेय, गिअर कुठल्या हाताने टाकतात हेही मला खात्रीने सांगता येणार नाही. बरोबर अकरा वर्षांची लेक आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे त्यांच्या उत्साहाच्या बरेच मागून चालतात. सासरे एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे बस म्हटलं की आईंना अजूनही माहेरचं काहीतरी निघाल्यासारखं वाटतं.

२०२५ ची भाऊबीज उरकून दुसऱ्या रात्री निघालो, दुबईत विमान बदललं, ऑर्लँडोत उतरलो आणि अकरा रात्री राहिलो. स्टिअरिंगला हात न लावता डिस्नेचे चारही पार्क आणि युनिव्हर्सल बघून आलो. तेव्हापासून ओळखीतली माणसं 'कसं जमवलंत' म्हणून विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. जमलं त्यापेक्षा फसलं ते जास्त लिहिलंय, कारण उपयोग त्याचाच होतो.

१. आधी परतीची गाडी बघा

डोंबिवलीकर माणूस नाटकाला गेला तर नाटक कसं होतं हे नंतर सांगतो, शेवटची लोकल मिळाली की नाही हे आधी. ही सवय ऑर्लँडोत सोन्यासारखी उपयोगी पडते. सगळे जण सकाळपासून आखणी करतात: दार कधी उघडतं, पहिली राइड कुठली. मी वहीत उलटा तक्ता केला. पहिल्या रकान्यात शेवटचं वाहन, दुसऱ्यात ते चुकलं तर दुसरं काय, आणि मग उरलेला दिवस. डिस्नेच्या स्वतःच्या बसेस पार्क बंद झाल्यावरही साधारण तासभर सुटत राहतात, तिथे धास्ती नाही. बाहेरच्या हॉटेलांची शटल मात्र ठरलेल्या मिनिटाला निघते आणि कोणासाठी थांबत नाही. शहाण्यासारखं हे मी आता सांगतेय. तक्ता केला चौथ्या दिवशी. पहिले तीन दिवस कसे गेले ते पुढे येतंय.

२. हॉटेल 'जवळ' म्हणजे कशाच्या जवळ?

पहिल्या तीन रात्रींसाठी नवऱ्याने इंटरनॅशनल ड्राइव्हवरचं एक स्वस्त हॉटेल शोधलं. जाहिरातीत दोन गोष्टी ठळक होत्या, पार्कच्या जवळ आणि मोफत शटल. दोन्ही खरं होतं. ते जवळ होतं युनिव्हर्सलच्या, आणि आम्ही पहिले तीन दिवस काढले होते डिस्नेसाठी. डिस्ने तिथून पंधरा-वीस किलोमीटर, मध्ये आय-फोर नावाचा हमरस्ता. त्याची गर्दी बघून मला घोडबंदर रोड आठवला. शटल होती दिवसातून एकच, सकाळी साडेनऊला. जागा आदल्या रात्री काउंटरवरच्या वहीत नाव लिहून राखायची. परतीची रात्री नऊ वीसला.

आणि मॅजिक किंगडममधली आतषबाजी आम्ही गेलो त्या रात्री नऊला होती.

तिच्यासाठी लेकीने वर्षभर दिवस मोजले होते, त्यामुळे ती सोडायचा प्रश्नच नव्हता. बघितली. मग हजारो लोकांबरोबर फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिलो आणि तळ्याच्या पलीकडे पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. शटल गेलेली. फुकटची सोय, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. टॅक्सीच्या अॅपवर आकडा बघून नवऱ्याने फोन खिशात ठेवला. त्या रात्री हॉटेलवर कसे पोचलो ते शेवटच्या मुद्द्यात सांगते. ती वेगळीच गोष्ट आहे.

शिकलो ते असं की गाडी नसेल तर हॉटेल हेच तुमचं स्टेशन. स्टेशनपासून लांब घर घेऊन स्वस्त मिळाल्याचा आनंद मानणारे आपल्याकडेही असतात, आणि पुढे रिक्षाचे पैसे मोजत बसतात. चौथ्या दिवशी आम्ही डिस्नेच्या आवारातल्या पॉप सेंच्युरीत गेलो आणि शेवटच्या तीन रात्री युनिव्हर्सलपासून चालत जाता येईल अशा हॉटेलात. दोन्ही महाग. पण भाड्याची गाडी, पेट्रोल, टोल आणि दिवसाला तीस डॉलरच्या घरातलं पार्किंग मांडून बघा, फरक बराच कमी होतो.

३. आवारात एकदा शिरलात की कारवाल्यांचा हेवा करू नका

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालं तेव्हा तिथे एकच पार्क होतं, मॅजिक किंगडम. १९८२ साली एपकॉट आलं, १९८९ साली आताचं हॉलिवूड स्टुडिओज, १९९८ साली अॅनिमल किंगडम. सगळी जागा पंचवीस हजार एकरांच्या आसपास. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची मुंबई त्यात मावेल आणि वर भरपूर मोकळी जमीन उरेल. एवढ्या पसाऱ्यात चालत फिरायचा विचारही करू नये. पण बसेस, मोनोरेल, बोटी आणि रोपवेचे पाळणे असं सगळं फुकट आहे आणि चढताना कोणी तिकीट मागत नाही. आईंना शेवटपर्यंत याचा संशय होता. "कंडक्टर नाही, तिकीट नाही, मग हे चालतं कशावर?" पार्कच्या तिकिटाचा आकडा मी त्यांना सांगितला नव्हता.

इथे एक मजा आहे. मॅजिक किंगडमला स्वतःची गाडी घेऊन येणारा माणूस दारापर्यंत गाडी नेऊच शकत नाही. त्याने तळ्याच्या अलीकडे, ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरपाशी गाडी लावायची, तिथे ट्राममधून यायचं, मग मोनोरेलची किंवा फेरीबोटीची रांग, आणि तेव्हा कुठे दार. पॉप सेंच्युरीची बस आम्हाला थेट दाराजवळ सोडायची. शिवाय डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत घेतात. बिनगाडीचे आम्ही पहिल्या राइडच्या रांगेत आणि गाडीवाले अजून बोटीत. मावसभावाला त्याच वेळी फोटो पाठवला.

स्कायलायनर हे पाळणे २०१९ साली सुरू झाले. पॉप सेंच्युरीच्या तळ्याकाठून बसलं की कॅरिबियन बीचला बदलायचं आणि एपकॉट किंवा हॉलिवूड स्टुडिओजला उतरायचं. आईंनी रायगडचा रोपवे केलेला, त्यामुळे त्या सर्वांत आधी चढल्या आणि पाय पोटाशी घेऊन बसल्या. एपकॉटला हे पाळणे मागच्या दाराशी सोडतात, ज्या दाराला इंटरनॅशनल गेटवे म्हणतात. तिथून पॅरिस दोन पावलांवर. म्हणजे त्यांचं खोटं पॅरिस. एकच लक्षात ठेवा, वीज कडाडायला लागली की पाळणे थांबवतात. आमच्यावर एका संध्याकाळी ती वेळ आली. पाळण्यांऐवजी बसेस सोडल्या, पण तोवर रांग वळसे घेत कुठल्या कुठे गेली होती.

एपकॉटहून हॉलिवूड स्टुडिओजला जायला बोटही आहे. अर्धा तास चालायची तयारी असेल तर कालव्याकाठची वाटही छान आहे. अॅनिमल किंगडमला मात्र फक्त बस जाते. मोनोरेल नाही, बोट नाही, पाळणा नाही. त्या पार्कातल्या आशिया विभागात आनंदपूर नावाचं काल्पनिक राज्य उभं केलंय: रंग उडालेल्या भिंती, हाताने रंगवल्यासारख्या पाट्या, चहाची टपरी, महाराजांच्या जुन्या शिकारखान्यात पट्टेरी वाघ. लेक एव्हरेस्टच्या राइडमध्ये किंचाळत होती तेव्हा आई एका भिंतीचा उडालेला गिलावा निरखत होत्या. "एवढे पैसे आहेत यांच्याकडे, रंग का नाही काढत?" मुद्दाम तसं केलंय हे मी दोनदा समजावलं. त्यांना पटलं नाही.

याच बसेसचा एक तोटा आहे. त्या हॉटेल ते पार्क अशा धावतात, हॉटेल ते हॉटेल नाही. आम्हाला अॅनिमल किंगडम लॉजमधल्या सना या हॉटेलात जेवायचं होतं. तिथे नानबरोबर नऊ प्रकारच्या चटण्या येतात आणि खिडकीबाहेर जिराफ फिरतात. पॉप सेंच्युरीहून पार्क, पार्कहून लॉज, अशा दोन बसेस बदलून सव्वा तास लागला. टेबल राखलं होतं म्हणून बरं. असल्या एका प्रवासासाठी टॅक्सीचे पैसे खुशाल मोजावेत.

४. नकाशावरचे नऊशे मीटर

इंटरनॅशनल ड्राइव्हवरच्या हॉटेलातून औषधाचं दुकान नऊशे मीटरवर दिसत होतं. डोंबिवलीत याला आपण 'इथेच' म्हणतो. मी निघाले. दोनशे मीटरवर फुटपाथ एकदम संपला, पुढे गवत, मग सहा पदरी रस्ता, आणि सिग्नल इतका लांब की तिथपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे आणखी अर्धा किलोमीटर. परत आले. नकाशात अंतर बघू नका, रस्त्याचा फोटो बघा.

५. टॅक्सी सोडते कुठे?

अकरा दिवसांत आम्ही सहा वेळा अॅपवरची टॅक्सी केली: विमानतळ, हॉटेल बदलणं, सामान. त्या कामांसाठी ती उत्तम. पार्कला जाताना मात्र आधी बघा की गाडी कुठे थांबते. मॅजिक किंगडमला ती तुम्हाला त्याच तिकीट सेंटरला सोडणार, पुढे तळं ओलांडायचं तुमचं तुम्ही.

आतषबाजी संपल्यासंपल्या कधीही टॅक्सी मागवू नये. सगळे जण त्याच मिनिटाला मागवतात. चाळीस मिनिटं आईस्क्रीम खात बसलं तर भाडं निम्म्यावर येतं, आणि आईस्क्रीमची किंमत धरूनही फायदाच होतो. फोनची बॅटरी तेवढी शिल्लक हवी. तिकीट, बसच्या वेळा, टॅक्सी, खोलीची किल्ली, सगळं फोनमध्ये. पॉवर बँक विसरलात तर तुम्ही नुसते बिनगाडीचे राहत नाही, बेघरच होता.

६. आईंची खुर्ची

पार्कच्या दाराशी व्हीलचेअर भाड्याने मिळते. पहिल्या दिवशी तीच घेतली. पण ती दाराबाहेर नेता येत नाही आणि खरी चाल दाराबाहेरच असते: बसथांब्यापासून दारापर्यंत, बोटीपासून ट्रामपर्यंत. संध्याकाळी खुर्ची परत केली आणि थकलेल्या आईंना सर्वांत लांबचा पल्ला पायी काढावा लागला. दुसऱ्या दिवशी बाहेरून घडीची खुर्ची मागवली, ती हॉटेलवर आणून देतात. गाडी नसलेल्यांनी पहिल्याच दिवशी हेच करावं. डिस्नेच्या बसला उतरती फळी आहे आणि खुर्चीवाल्यांना आधी चढवतात. स्कायलायनरला त्यांच्यासाठी वेगळा फलाट आहे, तिथे पाळणा पूर्ण थांबतो. लहान मुलांची बाबागाडी मात्र बसमध्ये घडी करावी लागते. झोपलेलं मूल, बाबागाडी आणि पिशव्या एकाच हातात सांभाळणारे बाप मी तिथे पुष्कळ पाहिले.

आईंना सुरुवातीला खुर्चीची लाज वाटत होती. सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढायला मिळतं हे कळल्यावर गेली.

७. दोन घड्याळं

दिवाळीच्या सुटीत गेलात तर ऑक्टोबरच्या शेवटी तिकडे हॅलोविन असतं. मॅजिक किंगडममध्ये त्या मोसमात ठरावीक संध्याकाळी वेगळ्या तिकिटाची पार्टी असते आणि साध्या तिकिटावर आलेल्यांना सहालाच निरोप देतात. युनिव्हर्सल स्टुडिओजही त्यांच्या भुताच्या रात्रींना पाचला बंद होतं. आम्हाला हे दारात कळलं. 'संध्याकाळी निवांत जाऊ' म्हणून पाच वाजता पोचलो होतो.

दुसरं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे जातं. २ नोव्हेंबरला फोन आपोआप बदलले. आईंचं एचएमटी बदललं नाही. हॉटेल बदलायचा दिवस होता. खरे साडेपाच वाजले असताना आई आंघोळ, पूजा उरकून बॅगेवर बसलेल्या. "साडेसहा झाले, उठा!"

८. डबा

गाडी नाही म्हणजे मोठ्या दुकानात चक्कर नाही. किराणा ऑनलाइन मागवला, हॉटेलच्या काउंटरवर आला: दूध, दही, ब्रेड, केळी, पाण्याच्या बाटल्या. पॉप सेंच्युरीच्या खोलीत फ्रिज होता, मायक्रोवेव्ह खाली खाण्याच्या हॉलमध्ये. डोंबिवलीहून मेतकूट, झटपट पोहे आणि दिवाळीचा फराळ नेलेला. अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ सांगायचं, लपवायचं नाही. डिस्नेत बाहेरचं खाणं नेता येतं, काचेची बाटली आणि दारू तेवढी नको. झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात. दीड तासाच्या रांगेत आमचा चकलीचा डबा उघडला की पुढचे-मागचे वळून बघायचे. चकलीचा आवाज लपत नाही.

९. सल्ल्याचं साल विचारा

माझ्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं, विमानतळावरून डिस्नेची फुकट बस असते, चिंता करू नकोस. ती गेली होती २०१८ ला. ती बस २०२२ उजाडताना बंद झाली. आता पैसे देऊन बस किंवा टॅक्सी. तिने पाळणे पाहिलेच नव्हते, कारण ते २०१९ चे. आणि युनिव्हर्सलचं नवं एपिक युनिव्हर्स पार्क उघडलं २२ मे २०२५ ला. म्हणजे माझा हा लेखही जपून वाचा.

१०. तिकीट लागणारी गाडी

युनिव्हर्सलचे जुने दोन पार्क एकमेकांना लागून आहेत आणि त्यांच्यामध्ये हॉगवर्ट्स एक्स्प्रेस धावते, २०१४ पासून. पण ती एका पार्कातून दुसऱ्यात नेते, त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही पार्कांत जाता येणारं महागडं तिकीट असेल तरच तिच्यात पाय ठेवता येतो. चार मिनिटांचा प्रवास. त्या जादा पैशांत सेकंड क्लासचे किती महिन्यांचे पास निघाले असते याचा हिशेब नवऱ्याने फलाटावर उभं राहून केला, आणि मी ऐकलं नाही असं दाखवलं. डबा समोर आला तसा आमच्या लेकीने डोंबिवलीचं रक्त दाखवलं. गाडी थांबायच्या आत खिडकीची जागा कुठली हे तिने ठरवलं होतं. खिडकीबाहेर पडद्यावरची दृश्यं धावतात, जाताना वेगळी, येताना वेगळी, म्हणून दोन्हीकडून बसायचं. बसलो.

एपिक युनिव्हर्स मात्र तिथून काही किलोमीटर दूर आहे, चालत जायचं नाव काढू नका. युनिव्हर्सलच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना तिथे न्यायला बस असते.

११. दोन डॉलरची बस

तर ती रात्र. सव्वादहा वाजलेत, शटल गेली आहे, टॅक्सी परवडत नाही, आईंचे पाय सुजलेत. मी फलकावर फलक वाचत सुटले आणि एका टोकाच्या थांब्यावर गुलाबी पंजाचं चिन्ह दिसलं. लिंक्स, म्हणजे तिथली शहर बस. ५० नंबरची, डिस्नेहून ऑर्लँडोच्या डाउनटाउनला जाणारी. भाडं दोन डॉलर आणि ड्रायव्हरकडे सुट्टे नसतात. आमच्याकडे वीस-वीसच्या नोटा. नवरा हताश. तेव्हा आईंनी कमरेचा बटवा काढला. टिप द्यायला म्हणून त्यांच्याकडे दिलेल्या एक-एक डॉलरच्या नोटा त्यांनी दोन दिवसांत कोणालाही दिल्या नव्हत्या. आठ मोजून पेटीत घातल्या.

बसमध्ये आमच्याशिवाय एकही प्रवासी पर्यटक नव्हता. सगळे कामावरून सुटलेले. कोणाच्या छातीवर नावाची पट्टी अजून तशीच, त्यावर नाव आणि खाली गावाचं नाव. दिवसभर ज्यांनी हसून हात हलवले ती हीच माणसं असणार, आता डोकं काचेला टेकून झोपलेली. रात्री अकराच्या कर्जत लोकलमध्ये माझी जी अवस्था असते तीच. आईंशेजारी एक पन्नाशीची बाई बसली होती, स्वयंपाकघरात काम करणारी असावी, बुटांना पीठ लागलेलं. तिला स्पॅनिश येत होतं, आईंना मराठी. दोघी गुडघ्यांबद्दल बोलल्या. हातवाऱ्यांवरून एवढं कळत होतं. आईंनी पिशवीतून बेसनाचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. तिने आधी वास घेतला, मग अर्धा खाल्ला, उरलेला रुमालात बांधला. घरी कोणीतरी असेल.

आमचा थांबा जवळ आला तसं तिनेच वरची दोरी दाखवली. थांबायचं असेल तर ती ओढायची. आई एवढ्या खुलल्या की मला त्यांचा हात धरावा लागला. दोरी! एसटीतली घंटेची दोरी! त्यांनी ती एकदा ओढली, ठणठणीत. टिंग वाजलं, बस बाजूला लागली.

आम्ही उतरलो. बस तशीच उभी. दार लागलं तरी आई फुटपाथवरून हलेनात, बसकडे बघत राहिल्या. मग सवयीने, अर्धवट स्वतःशीच म्हणाल्या, "डबल द्या."